तोंड लाल होतंय, आग होतेय: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

उन्हाळा लागला की या सदराकडे लाल चेहऱ्याचे प्रश्न यायला लागतात, म्हणून यावेळी ते सगळे एकत्रच घेतलेत. कुणाचंही नाव छापलेलं नाही, गाव तेवढं ठेवलंय. बऱ्याच जणींच्या पत्रात कुठे ना कुठे एका ट्यूबचा उल्लेख आहे, कुणी मेडिकलमधून आणलेली, कुणी जावेने दिलेली, कुणी पार्लरमधून. त्या उत्तराला मी मुद्दाम जास्त जागा दिलीय, ज्यांचा चेहरा लाल नाही त्यांनीही ते वाचावं.

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, वय ३९, प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. दोनेक वर्षं झाली, दोन्ही गाल आणि नाक तांबूस राहतं. उन्हातून आलं किंवा भाकऱ्या करून उठलं की चेहरा नुसता तापतो, चुणचुणतो आणि तासभर तसाच राहतो. मधून मधून बारीक पुटकुळ्या पण येतात. सासूबाई म्हणतात अंगात उष्णता आहे, गुलकंद झाला, सब्जा झाला, काही फरक नाही. या वयात पिंपल्स येतात का? (कराड)

ताई, तुम्ही जे लिहिलंय त्यावरून रोझेशियाची शक्यता बरीच वाटते, पण चेहरा न बघता मी शिक्का मारणार नाही. हा त्वचेचा जुनाट, कमी-जास्त होत राहणारा दाह आहे, साधारण तिशी ते पन्नाशीत सुरू होतो, बायकांमध्ये जास्त दिसतो आणि चेहऱ्याच्या मधल्या भागात बसतो म्हणजे गाल, नाक, हनुवटी, कपाळाचा मधला पट्टा. आधी लाली येते आणि जाते, मग हळूहळू जायची बंद होते, काहींना बारीक लाल केशवाहिन्या दिसायला लागतात, काहींना पुटकुळ्या येतात. पिंपल्समध्ये काळी-पांढरी बारीक टोकं असतात, इथे ती नसतात, हा मोठा फरक.

होतं काय, तर या लोकांच्या चेहऱ्याच्या रक्तवाहिन्या आणि नसा ऊन, उष्णता, तिखट, ताण या सगळ्याला फार पटकन आणि फार जोरात प्रतिसाद देतात. शिवाय त्वचेची स्वतःची जी जंतूंशी लढायची यंत्रणा असते तीच जास्त चेकाळलेली असते. कॅथेलिसिडिन नावाचं एक प्रथिन आपल्या सगळ्यांच्या त्वचेत असतं, रोझेशियात ते जास्त प्रमाणात आणि चुकीच्या तुकड्यांत तयार होतं, त्यातून दाह वाढतो, २००७ साली हे संशोधन आलं आणि तेव्हापासून या आजाराकडे बघायची नजर बदलली. डेमोडेक्स नावाचा डोळ्यांना न दिसणारा किडा जवळजवळ प्रत्येक मोठ्या माणसाच्या चेहऱ्यावर राहतो, रोझेशियात त्यांची संख्या बरेचदा वाढलेली सापडते. म्हणून घाबरू नका, हे अस्वच्छतेमुळे होत नाही, एकाचं दुसऱ्याला लागत नाही, आणि जोरजोरात घासून धुतलं तर उलट बिघडतं. सासूबाईंचं निरीक्षण चुकीचं नाही हं, उष्णतेने हे वाढतंच, पण ती चुलीची आणि उन्हाची उष्णता, पोटातून गुलकंद घालून ती उतरत नाही.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. हा गोऱ्या लोकांचा आजार असा समज इतका पक्का आहे की सावळ्या चेहऱ्यावर तो ओळखूच येत नाही, तिथे लाली लालभडक दिसत नाही, तांबूस-तपकिरी किंवा नुसती काळपट दिसते आणि बाईला "वांग आहे" सांगून वांगाची जळजळीत क्रीम दिली जातात, मग आगीत तेल. म्हणून रंगापेक्षा जाणिवेकडे लक्ष द्या: गाल गरम लागतात का, साधा साबण किंवा क्रीम लावलं तरी झोंबतं का, त्वचा कोरडी आणि ओढल्यासारखी वाटते का. दिवसाउजेडी खिडकीपाशी बसून पारदर्शक काच, अगदी काचेचा ग्लास चालेल, गालावर हलकी दाबून बघा, दाबल्यावर रंग फिका पडला आणि काढल्यावर परत भरला तर ती रक्तवाहिन्यांची लाली आहे. चेहरा तापलेला असेल तेव्हाचा एक फोटो काढून ठेवा, कारण दवाखान्यात पोचेपर्यंत तो उतरलेला असतो आणि मग डॉक्टरांना काय दाखवणार.

लाल गाल म्हणजे रोझेशियाच असं पण नाही. नाकाच्या कडेच्या घडीत आणि भुवयांत तेलकट खपल्या असतील तर ते सेबोरिक डर्मटायटिस असू शकतं, कोंड्याचाच भाऊबंद. लाली गालांवर आहे पण नाकाच्या कडेची घडी मात्र कोरी सोडलेली, सोबत सांधे दुखतात, तोंडात फोड येतात, केस गळतात, बारीक ताप येतो, तर ल्युपसची, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते त्या आजाराची, तपासणी करायलाच हवी, तिथे थांबू नका. केसांना डाय लावल्यावर किंवा नवीन कुंकू, टिकली, क्रीम बदलल्यावर सुरू झालं असेल तर अॅलर्जी. आणि तुमचं वय बघता पाळी जायची वेळ जवळ आल्यावर येणाऱ्या गरम वाफा पण लक्षात ठेवाव्या लागतात, फक्त त्यात घाम येतो आणि लाली मान-छातीपर्यंत पसरते.

प्रश्न: डॉक्टर, मी २४ वर्षांची आहे. बारावीनंतर वांगासाठी मेडिकलमधून एक क्रीम आणलं, आठवड्यात चेहरा उजळला म्हणून लावतच राहिले. आता एक दिवस जरी नाही लावलं तरी चेहरा लाल होतो, आग होते, बारीक पुरळ येतं, उन्हात तर निघताच येत नाही. गालावर मऊ लव पण वाढलीय. लावलं की दोन तासात शांत. घरी लग्नाचं बघतायत, बंद करायची भीती वाटते. काय करू? (नांदेड)

तू लिहिलंस हे फार बरं केलंस. आत्ता लगेच एक काम कर, ती ट्यूब घे आणि बारीक अक्षरात घटक लिहिलेत त्याचा मोबाईलवर फोटो काढून मोठा करून बघ. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, बेक्लोमेथासोन यातलं एखादं नाव सापडलं तर तुझ्या चेहऱ्यावर स्टिरॉइड चाललंय. वांगाच्या बऱ्याच तिहेरी क्रीममध्ये हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइनसोबत मोमेटासोन किंवा फ्लुओसिनोलोन असतंच, आणि नायट्यासाठी म्हणून जी मिक्स मलमं मिळतात त्यात क्लोबेटासोल असतं. डॉक्टरच्या देखरेखीखाली ठरावीक आठवडे वापरायची ही औषधं आहेत, क्रीम पावडरसारखी रोज थापायची नाहीत.

स्टिरॉइड रक्तवाहिन्या आकसून टाकतं म्हणून चेहरा लगेच शांत आणि उजळ दिसतो. पण रोज लावलं की त्वचा पातळ होत जाते, खालच्या वाहिन्या दिसायला लागतात, लव वाढते, पुरळ येतं, आणि औषधाचा हात निघाला की आकसलेल्या वाहिन्या एकदम फुलतात. ती आग घालवायला माणूस परत तीच ट्यूब उचलतो, आणि हा फेरा वर्षानुवर्षं चालतो. यातून जो चेहरा तयार होतो तो हुबेहूब रोझेशियासारखा दिसतो. तू एकटी नाहीस बाळा, २०११ साली भारतातल्या १२ केंद्रांवर झालेल्या एका अभ्यासात चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २९२६ लोकांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टिरॉइड लावत होते, आणि त्यातल्या अर्ध्याहून जास्त जणांना ते कुठल्याही डॉक्टरने सांगितलेलं नव्हतं. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी बरीच स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून शेड्यूल एचमध्ये टाकली. तरी काउंटरवर हात पुढे केला की ट्यूब मिळते, हे मला रोज माझ्या टेबलावर बसून दिसतं आणि प्रत्येक वेळी तितकाच राग येतो, कारण ज्या मुलीला लग्नासाठी उजळ दिसायचं होतं तिलाच तोंड झाकून फिरायची वेळ येते.

आता पुढचं. बंद करायचंच, पण एकटीने, मनाने, धाडकन नको. त्वचारोगतज्ज्ञाकडे जा आणि ट्यूब सोबत ने, लाजू नको. कधी सौम्य स्टिरॉइडवर आणून हळूहळू कमी करतात, कधी एकदम थांबवून टॅक्रोलिमससारखं स्टिरॉइड नसलेलं मलम देतात आणि पुरळ जास्त असेल तर पोटातून डॉक्सिसायक्लिन. थांबवल्यावर काही दिवसांत चेहरा आधीपेक्षा वाईट होईल, सुजेल, आग होईल, पाणी सुटल्यासारखं पण वाटेल, हे आधी माहीत असलं म्हणजे घाबरून परत ट्यूबकडे हात जात नाही. हे काही आठवडे चालतं, खूप वर्षं लावलेलं असेल तर काही महिने. त्या काळात साध्या थंड पाण्यात भिजवलेलं सुती कापड चेहऱ्यावर ठेव, वास नसलेलं साधं मॉइश्चरायझर दिवसातून चार वेळा लाव, आणि फेशियल, ब्लीच, वाफ, लिंबू, तुरटी, मुलतानी माती, टूथपेस्ट यातलं काहीही लावू नको, कुणीही कितीही मायेने सांगितलं तरी. घरच्यांना हे पान वाचायला दे. लग्नाचं बघणं दोन-चार महिने पुढे गेलं तर काही बिघडत नाही, घाईत परत तीच ट्यूब लागली तर मात्र सगळं पहिल्यापासून.

इथे बाकीच्या वाचकांसाठी एक वाक्य: दम्याचा पंप किंवा डॉक्टरने दिलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या हे वाचून स्वतःच्या मनाने बंद करू नका, ती वेगळी गोष्ट आहे आणि गोळ्या अचानक थांबवणं धोक्याचं असतं.

प्रश्न: रोझेशिया सांगितलाय. चहा आणि तिखट कायमचं बंद करायला सांगितलं. कोल्हापूरचा माणूस आहे मी, तांबडा रस्सा नाही खायचा तर काय खायचं? (कोल्हापूर)

सरसकट बंद करायची गरज नाही दादा. मिरचीत जे कॅप्सेसिन असतं ते त्वचेतल्या उष्णता ओळखणाऱ्या नसांनाच चेतवतं, म्हणून तिखटाने चेहरा तापणं खरंच आहे, पण प्रत्येकाला तितकंच होत नाही. चहाचं तर वेगळंच आहे, १९८१ मधल्या एका प्रयोगात ६० अंशाच्या कॉफीने जशी लाली आली तशीच नुसत्या ६० अंशाच्या गरम पाण्याने पण आली आणि गार कॉफीने नाही आली, म्हणजे दोष उकळत्या कपाचा. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या नर्सेसच्या मोठ्या अभ्यासात तर जास्त कॉफी पिणाऱ्या बायकांत रोझेशिया कमीच दिसला. तेव्हा चहा थोडा निवू द्या आणि प्या. तीन-चार आठवडे वहीत लिहा, काय खाल्लं, ऊन किती लागलं, दारू घेतली का, भांडण झालं का, आणि त्या दिवशी चेहरा कसा होता. बहुतेकांचं खरं कारण ऊन निघतं आणि रश्श्यावर उगाच आळ येतो. रस्साच निघाला तर रोज नको, कधीतरी खा आणि भरदुपारी उन्हातून आल्या आल्या खाऊ नका.

प्रश्न: वय ३२, आयटीत आहे. मेट्रोनिडाझोल जेल आणि डॉक्सीने पुरळ पूर्ण गेलं पण गालांची लाली तशीच आहे. एका क्लिनिकमध्ये लेझरच्या सहा सिटिंगचं पॅकेज सांगितलं. करू का? पुढच्या वर्षी बाळाचा विचार आहे. (पुणे)

तुझ्या प्रश्नात या आजाराची सगळ्यात मोठी गोची आलीय. पुटकुळ्या आणि लाली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्हीची औषधं वेगळी आहेत. मेट्रोनिडाझोल, अझेलेइक अॅसिड, आयव्हरमेक्टिन क्रीम, डॉक्सिसायक्लिन ही सगळी दाहावर आणि पुरळावर चालतात, त्याने सभोवतालची थोडी लाली कमी होते पण ज्या वाहिन्या कायमच्या फुगून बसल्यात त्या काही परत बारीक होत नाहीत. त्यामुळे औषध लागू पडलं नाही असं समजू नकोस, त्याने त्याचं काम केलंय.

उरलेल्या लालीसाठी दोन वाटा. एक ब्रिमोनिडीन जेल, सकाळी पातळ थर लावला की अर्ध्या तासात वाहिन्या आकसतात आणि परिणाम साधारण दिवसभर टिकतो, पण उतरल्यावर काहींची लाली आधीपेक्षा जास्त उसळते, म्हणून कार्यक्रमाच्या दिवशी पहिल्यांदा लावायचं नाही, सुट्टीच्या दिवशी छोट्या भागावर लावून बघायचं. दुसरी वाट लेझर किंवा आयपीएल, म्हणजे तीव्र प्रकाशाचे झोत. दिसणाऱ्या केशवाहिन्यांवर याचा खरंच उपयोग होतो, ५९५ नॅनोमीटरचं पल्स्ड डाय लेझर यासाठीच वापरतात, पण आपल्या त्वचेत मेलॅनिन जास्त असल्याने तो प्रकाश वाहिन्यांऐवजी रंगद्रव्यच शोषून घेतं आणि भाजून काळे डाग पडू शकतात, आयपीएलने तर जास्तच. म्हणून पॅकेजच्या आधी विचार: मशीन कुठलं आहे, लेझर स्वतः त्वचारोगतज्ज्ञ करणार की टेक्निशियन, आमच्यासारख्या रंगाच्या पेशंटवर केलंय का, आधी कानासमोर छोट्या जागी टेस्ट करून दाखवाल का. यावर नीट उत्तर मिळालं नाही तर उठून यायचं. आणि सहा सिटिंगचे पैसे एकदम भरू नकोस, दोन झाल्यावर फरक बघ. कायमचं जाईल असं कुणी सांगत असेल तर ते खरं नाही, काही वर्षांनी परत थोडं करावं लागतं.

बाळाचा विचार आहे हे डॉक्टरांना आधी सांग. डॉक्सिसायक्लिन गरोदरपणात चालत नाही, आणि कुणी आयसोट्रेटिनॉइन सुचवलं तर ते अजिबात नाही, त्याने बाळात गंभीर व्यंग येतात. अझेलेइक अॅसिड त्या काळात साधारणपणे सुरक्षित मानतात, डाग पण फिके करतं म्हणून आपल्या रंगाला मला ते आवडतं, सुरुवातीला झोंबतं म्हणून एक दिवसाआड सुरू करायचं. कुठलंही मलम असो, आठ ते बारा आठवडे दिल्याशिवाय निकाल लावायचा नाही. एका मोठ्या तुलनेत आयव्हरमेक्टिन मेट्रोनिडाझोलपेक्षा सरस ठरलं पण ती तुलना सुद्धा सोळा आठवड्यांची होती.

प्रश्न: माझे बाबा ५८ वर्षांचे, शेती करतात. चार-पाच वर्षांत नाक जाड, लाल आणि खडबडीत झालंय. आयुष्यात दारूला शिवले नाहीत पण लोक तोंडावर बोलतात, आता ते लग्नाकार्याला जायचं टाळतात. इलाज आहे का? (चंद्रपूर)

आहे, आणि बाबांना आधी हे सांग की या नाकाचा दारूशी संबंध लावायला काही आधार नाही. दारूने लाली उसळते एवढंच, पण आयुष्यात थेंब न घेतलेल्यांना सुद्धा असं नाक होतं, त्याला रायनोफायमा म्हणतात, नाकाच्या तैलग्रंथी आणि त्वचा वाढत जाते आणि हे पुरुषांमध्येच जास्त दिसतं. लवकर आलं तर कमी डोसच्या आयसोट्रेटिनॉइनने वाढ थांबते, जाड झालेला भाग मात्र गोळ्यांनी जात नाही, तो प्लास्टिक सर्जन किंवा त्वचारोगतज्ज्ञ छोट्या शस्त्रक्रियेने किंवा कार्बन डायऑक्साइड लेझरने तासून नाकाला परत आकार देतात, जखम साधारण दोन-तीन आठवड्यांत भरते आणि फरक खूप चांगला असतो.

पण त्याआधी नीट तपासणी. आपल्या भागात अजून कुष्ठरोगाचे पेशंट सापडतात, त्यातही चेहरा जाड आणि लालसर होतो, म्हणून कानाच्या पाळ्या जाड झाल्यात का, भुवयांचे बाहेरचे केस विरळ झालेत का, हातापायाला बधिरपणा आहे का हे बघा. तसं काही असलं तरी घाबरायचं कारण नाही, औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात आणि आजार पूर्ण बरा होतो. नाकावर न भरणारी जखम किंवा एकाच बाजूची गाठ असेल तर तुकडा तपासायला द्यायला लावा. आणि शेतात जाताना टोपी नाही, रुंद काठाची हॅट किंवा उपरणं पुढे ओढून, टोपीने नाकावर सावली पडत नाही.

प्रश्न: लग्नानंतर टोरांटोला आले, इथल्या थंडीत गाल लाल होऊन फुटतात. भारतात कधी झालं नव्हतं. (टोरांटो)

बाहेरचा उणे तापमानाचा वारा आणि घरातला हीटर, या दोन टोकांमध्ये दिवसातून दहादा ये-जा केली की चेहऱ्याच्या वाहिन्या वैतागतात. बाहेर पडायच्या आधी सिरॅमाइडचं घट्ट मॉइश्चरायझर, मफलर नाकापर्यंत, पण लोकरीचा थेट गालाला नको, आत सुती कापड. हीटरसमोर तोंड करून बसू नका, कढत पाण्याने तोंड धुऊ नका. बर्फावरून ऊन परत उसळतं म्हणून झिंक ऑक्साइडचं एसपीएफ ३० किंवा वरचं सनस्क्रीन हिवाळ्यातही लावा, टिंटेड घेतलं तर लाली झाकली पण जाते. महिनाभर हे करून उतरलं नाही तर दाखवा.

प्रश्न: चेहऱ्यावर थोडीच लाली आहे पण डोळ्यांत सतत वाळू गेल्यासारखं होतं आणि वर्षातून तीन-चारदा रांजणवाडी येते. याचा काही संबंध आहे का? (रत्नागिरी)

खूप जवळचा संबंध असू शकतो आणि हाच भाग सगळ्यात जास्त सुटतो, कारण चेहरा एक डॉक्टर बघतात आणि डोळे दुसरे. रोझेशिया पापण्यांच्या कडेच्या तैलग्रंथींना पण धरतो, त्या तुंबल्या की अश्रू लवकर सुकतात, डोळे लाल, चुरचुर, परत परत रांजणवाडी. काहींच्या बाबतीत चेहऱ्यावर काहीच नसताना डोळ्यांतच सुरू होतं. रोज स्वच्छ कापड सोसेल इतक्या कोमट पाण्यात भिजवून मिटलेल्या पापण्यांवर पाचेक मिनिटं ठेवा, गाल तापत असतील तर कापड पापण्यांपुरतंच छोटं घ्या, मग बोटाने पापणीच्या कडेकडे हलका मसाज आणि कड पुसून घ्या. कृत्रिम अश्रूंचे थेंब मदत करतात. स्टिरॉइडचे थेंब मात्र स्वतः आणून घालायचे नाहीत, त्याने डोळ्यांतला दाब वाढू शकतो. डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन दिली तर भरपूर पाण्यासोबत घ्या, घेतल्यावर लगेच आडवं पडू नका, आणि लोह-कॅल्शियमच्या गोळीपासून दोन-तीन तास लांब ठेवा. उजेड सहन होईना, डोळा दुखायला लागला किंवा धूसर दिसलं तर ते बुबुळापर्यंत गेलेलं असू शकतं, त्या दिवशी त्वचेच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट बघत बसू नका, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा आणि त्यांना सांगा की चेहऱ्यावर पण लाली आहे.